जुनी बॅटरी, जुना ट्रान्समीटर: पहिली चाचणी वेगवेगळी करा

वाचकाचा प्रश्न: सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचकाचं हे पत्र आहे. संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र चार वर्षांपासून बंद आहे. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी आणि लाइट गेल्यावर उपयोगी पडावं म्हणून घेतलेलं बॅटरीवरचं सामान पत्र्याच्या खोलीत माळ्यावर पडून होतं. त्यात १२ व्होल्टवर चालणारा ३० वॅटचा एफएम ट्रान्समीटर, चार चॅनलचा मिक्सर, पेन्सिल सेलवरचा रेकॉर्डर, दोन कॉर्डलेस माइक, ४२ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन एसएमएफ (पाणी न घालावं लागणाऱ्या, बंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या आणि ७.४ व्होल्टचा एक लिथियम पॅक आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून थेट प्रसारण व्हावं, अशी सचिवांची इच्छा आहे. एका बॅटरीला मल्टिमीटरवर १२.३ व्होल्ट येतात. ती मे महिन्यात इन्व्हर्टरला लावून रात्रभर चार्ज केली होती. दुसरीला ९.८ येतात. लिथियम पॅक किंचित फुगलेला वाटतो. वाचक विचारतात: "बाराच व्होल्ट आहेत, शॉक बसायचा प्रश्न नाही. चांगली बॅटरी जोडून, अँटेना न लावता, फक्त एक मिनिट चालू करून बघू का? अँटेना नसली की हवेत काही जाणारही नाही. आणि बॅटऱ्या फरशीवर ठेवल्यामुळे उतरल्या असतील का?"

नमस्कार,

आधी एवढं करा: ट्रान्समीटर अँटेना न लावता चालू करू नका. एक मिनिट नाही, एक सेकंदही नाही. ट्रान्समीटरने तयार केलेल्या शक्तीला बाहेर पडायला जागा लागते. अँटेना किंवा तिच्या जागी बसवलेला, ती शक्ती उष्णतेत जिरवणारा ५० ओहमचा डमी लोड नसेल, तर ती शक्ती उलटी फिरून शेवटच्या टप्प्यातल्या पॉवर ट्रान्झिस्टरवर येते. काही सेटमध्ये यासाठी संरक्षण असतं, पण चार वर्षं बंद असलेल्या सेटमधलं ते संरक्षण चालू आहे की नाही हे तपासायला तोच ट्रान्झिस्टर पणाला लावू नये. शिवाय अँटेना नसताना हवेत काही जात नाही, हेही खरं नाही. उघड्या कनेक्टरमधून आणि बॅटरीच्या वायरीतून थोडं प्रसारण होतंच. अशा अवस्थेत पॉवर स्टेज अस्थिर होऊन भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोंबलू शकतो. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा पट्टा सुरू होतो. होटगी रोडचा विमानतळ तुमच्याच शहरात आहे, हे विसरू नका.

आता "बाराच व्होल्ट"बद्दल. बारा व्होल्टांनी शॉक बसत नाही, हे बरोबर. पण ४२ एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर काही क्षण शेकडो अँपिअर देते. पाना, अंगठी, बांगडी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा दोन टर्मिनलांमध्ये आला तर तो लाल होतो आणि हाताचं मांस भाजतं. तेव्हा हातातलं सगळं काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सोडताना आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडा. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसवा. तुमचा सेट पूर्ण शक्तीवर साधारण ५ अँपिअर घेईल, त्याला हा पुरतो. फ्यूज सेटच्या टोकाला लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

तुमच्या पत्रातली मूळ अडचण मला वेगळीच दिसते. जुनी बॅटरी जुन्या सेटला जोडून दोघांची परीक्षा एकदम घ्यायची, असं तुम्ही धरून चालला आहात. सेट चालला नाही तर दोष कुणाचा हे कळणार नाही. चालला आणि दहा मिनिटांनी आवाजात घरघर सुरू झाली, तरी कळणार नाही. म्हणून बॅटरी तपासायची ती साध्या बल्बवर, आणि सेट तपासायचा तो खात्रीच्या पॉवर सप्लायवर. दोन्ही वेगवेगळे पास झाले की मगच एकत्र आणायचे.

बॅटरीपासून सुरुवात करू. फरशीचा इथे काही दोष नाही. जुन्या काळी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे, तेव्हा ओल्या जमिनीतून थोडी गळती होत असे. तो समज अजून टिकून आहे. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने फरक पडत नाही. तुमच्या बॅटऱ्या उतरल्या त्या उन्हामुळे. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी २५ अंशांना महिन्याला साधारण तीन टक्के उतरते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. सोलापूरचा एप्रिल-मे आणि वर पत्रा, म्हणजे माळ्यावर काय झालं असेल याचा अंदाज येतो. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात आणि ते चार्जिंगने पूर्ण विरघळत नाहीत.

९.८ व्होल्टची बॅटरी बाजूला काढा. तिच्यातला एखादा सेल गेलेला असेल, नाहीतर ती इतकी खोल उतरली आहे की प्रसारणाच्या भरवशाची राहिलेली नाही. तिच्यावर वेळ घालवू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दुसऱ्या बॅटरीला समांतर जोडू नका. चांगल्या बॅटरीतून तिच्यात एकदम मोठा प्रवाह शिरतो, वायर तापते आणि चांगली बॅटरीही खराब होते. नवीन बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतात. ती तशीच द्या, ॲसिड ओतून रिकामी करायच्या भानगडीत पडू नका.

१२.३ हा आकडा बरा दिसतो, पण त्यावरून फारसं काही ठरत नाही. निरोगी बॅटरीला १२.३ आले तर तिच्यात निम्म्याहून थोडा जास्त चार्ज आहे असं म्हणता येतं. सल्फेट साचलेली बॅटरीही व्होल्टेज व्यवस्थित दाखवते, आणि लोड पडला की बसते. म्हणून आधी पूर्ण चार्ज, मग विश्रांती, मग लोड.

चार्जिंगला इन्व्हर्टर वापरू नका. घरगुती इन्व्हर्टर १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीच्या हिशेबाने १० ते १५ अँपिअर ढकलतो. तुमच्या ४२ एएचला साधारण ४ अँपिअर योग्य आहे, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग. एसएमएफ बॅटरीत पाणी भरायची सोय नसते. जास्त चार्ज झाल्यावर व्हॉल्व्हमधून जी वाफ आणि वायू निघून जातो तो परत भरता येत नाही. मे महिन्यातल्या त्या रात्रीनेही थोडं नुकसान केलं असण्याची शक्यता आहे. एसएमएफसाठीचा चार्जर घ्या, किंवा प्रयोगशाळेतला करंट-लिमिट असलेला पॉवर सप्लाय १४.४ व्होल्ट आणि जास्तीत जास्त ४ अँपिअरवर लावा. सप्लाय दोन-तीन अँपिअरचाच असेल तरी चालेल, फक्त वेळ जास्त लागेल. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, कपाटात बंद करून चार्ज करू नका. चार्जिंगच्या शेवटी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो. वर दिलेलं व्होल्टेज २५ अंशांचं आहे. पुढच्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत चार्ज कराल तेव्हा ते पाव व्होल्टने कमी करा.

चार्ज होताना मीटरकडे लक्ष द्या, कारण इथेच बॅटरी आपली प्रकृती सांगते. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच व्होल्टेज १४.४ ला पोहोचून करंट जवळपास शून्यावर आला, तर समजा की साठवायला जागाच उरलेली नाही. उलट, तासन्‌तास करंट जातोय पण व्होल्टेज तेरापुढे सरकत नाही आणि पेटीची एक बाजू गरम लागते, तर एक सेल आतून शॉर्ट आहे. चार्जिंग लगेच बंद करा. पेटी फुगली, कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा हात ठेववेना, तरीही तेच.

पूर्ण चार्ज झाली की सगळं सोडवून रात्रभर ठेवा. सकाळी १२.७ च्या वर हवी. १२.५ च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. आता गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडा. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे तुमच्या ट्रान्समीटरच्या जवळपास तेवढाच लोड. बल्ब फरशीच्या तुकड्यावर ठेवा, काच भयंकर तापते. दहा मिनिटांत व्होल्टेज ११.५ च्या खाली आलं तर बॅटरी संपली. टिकलं तर दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहीत जा आणि १०.८ ला बल्ब काढा. नवी ४२ एएचची बॅटरी या लोडवर आठ तासांच्या आसपास चालते. तुमची चार तास चालली तर टेबलावरच्या कामाला ठेवा, कार्यक्रमाला नेऊ नका. चाचणी संपल्यावर त्याच दिवशी परत चार्ज करा, उतरलेली तशी ठेवलीत तर पुन्हा सल्फेट बसेल.

फुगलेला लिथियम पॅक हा वेगळाच विषय आहे आणि तो मला तुमच्या सगळ्या सामानात सर्वांत धोक्याचा वाटतो. तो चार्ज करायचा नाही, दाबून सपाट करायचा नाही, "आत काय झालंय" म्हणून उघडायचा नाही. खूप उतरलेल्या लिथियम सेलमध्ये तांबं विरघळून आत शॉर्टचे रस्ते तयार होतात, आणि चार्ज करताना आग लागते ती याच कारणाने. आजच तो माळ्यावरून खाली आणा. टर्मिनलवर टेप लावा, कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत ठेवा, आणि बादली इमारतीबाहेर सावलीत, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्या. न फुगलेले पण प्रत्येक सेलला अडीच व्होल्टच्या खाली गेलेले पॅकही त्याच रांगेत.

रेकॉर्डर आणि माइकमध्ये सेल तसेच राहिले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उघडून बघा. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशीसारखी पावडर जमली असेल तर ती क्षारयुक्त असते. इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. साधे स्वस्त झिंक-कार्बन सेल गळले असतील तर ते आम्लाकडे झुकतात, तिथे खायच्या सोड्याचं पाणी वापरा. स्प्रिंगचा मुलामा खाल्ला गेला असेल तर स्प्रिंग बदला. घासून चमकवलेली स्प्रिंग काही महिन्यांत पुन्हा गंजते आणि ऐन मुलाखतीत रेकॉर्डर बंद पडतो.

आता सेट. वीज देण्याआधी झाकण उघडा आणि उजेडात नीट बघा. सोलापुरात यंत्रमागाच्या भागाजवळ ठेवलेल्या सामानात कापसाची तुसं हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत आणि पंख्यात गच्च बसतात. ती मऊ ब्रशने काढा, ब्लोअर लावणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. उंदराचं मूत सर्किटची तांब्याची रेघ खाते, तेव्हा कुठे हिरवं दिसतंय का तेही बघा. झुरळं, पालीची अंडी, गांधीलमाशीचं मातीचं घर यातलं काहीही आत सापडू शकतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो आधी बदलून घ्या.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. मिक्सरसाठी गाडीच्या टेललाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, ट्रान्समीटरसाठी २१ वॅटचा ब्रेकलाइटचा. सप्लायची पॉझिटिव्ह वायर बल्बमधून सेटला द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे आणखी काही जळत नाही. लुकलुकत राहिला तर घाबरू नका. आतला स्विचिंग रेग्युलेटर कमी व्होल्टेजमुळे चालू-बंद होतोय. मिक्सरला २१ वॅटचा बल्ब लावून बघा. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवण्याचा सल्ला जुन्या रेडिओंना लागू होता, पण स्विचिंग सप्लायचे सेट कमी व्होल्टेजवर उलट जास्त करंट ओढतात. त्यांना बल्बच बरा. अर्धा तास असं ठेवलं की पडून राहिलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर बराचसा सावरतो. ट्रान्समीटरला या टप्प्यात आरएफ (म्हणजे रेडिओ लहरींचं आउटपुट) बंद ठेवा, नुसता डिस्प्ले आणि पंखा चालू द्या. डमी लोड मात्र तेव्हाही लावलेला हवा.

डमी लोड तयार मिळतो, ५० ओहम आणि किमान ५० वॅटचा घ्या. कामचलाऊ हवा असेल तर १ किलो-ओहमचे ३ वॅटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा. मिळून ५० ओहम आणि ६० वॅट होतात. पाय जितके आखूड ठेवाल तितकं चांगलं. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत. ते आतून कॉइलच असतात आणि १०० मेगाहर्ट्झला ५० ओहम राहत नाहीत. जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५० च्या आसपास आकडा येतो का ते बघा.

मग बल्ब काढा, सप्लाय १२.५ ते १३.५ व्होल्ट आणि किमान ७ अँपिअरचा घ्या, पॉवर सगळ्यात कमी ठेवा आणि ऑडिओ न देता आरएफ चालू करा. पीएलएल लॉकचा (फ्रिक्वेन्सी पक्की झाल्याचा) दिवा काही सेकंदांत स्थिर व्हायला हवा. तो लागत नसेल तर आरएफ लगेच बंद करा. बाजूच्या खोलीत साधा रेडिओ लावा. तुमच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर जाऊन शांतता आली म्हणजे कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) आहे. डमी लोडवरही तो खोलीभर पकडता येतो, यात काही बिघाड नाही. आता पूर्ण डायल फिरवा. तीच शांतता आणखी दोन-तीन ठिकाणी सापडली आणि रेडिओ लांब नेल्यावरही गेली नाही, तर सेट दुरुस्तीला द्या. पाच मिनिटं कमी पॉवर, मग अर्धी, मग पूर्ण पॉवरवर अर्धा तास. या वेळात करंट स्थिर हवा. करंट चढत जातोय आणि पॉवर उतरतेय, तर हीटसिंकखालची पेस्ट वाळली आहे किंवा पंखा जड झालाय. हीटसिंकला हात लावायचा तो आरएफ बंद करूनच.

अँटेनाची केबल शेवटी. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मल्टिमीटर काहीच दाखवायला नको. थोडाही ओहम आला तर पाणी शिरलंय. अँटेनाच्या टोकाला मात्र शॉर्ट दिसला तर ती बिघडलीच असं नाही. फोल्डेड डायपोल आणि गॅमा मॅचच्या अँटेना डीसीला शॉर्टच दिसतात. त्यांचा निकाल एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या), कमी पॉवरला. रीडिंग २ च्या वर असेल तर पूर्ण पॉवर देऊ नका.

पण अँटेना लावायच्याच नाही, आरएफ चालू करायच्याही आधी कागद तपासा. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात, केंद्र तीन महिन्यांहून जास्त बंद राहिलं तर परवानगी रद्द होऊ शकते अशी अट आहे. तुमचं चार वर्षं बंद आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी आणि दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवाना आज चालू आहे का, शुल्क भरलेलं आहे का, हे सचिवांकडून लेखी घ्या. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे. म्हणजे हा प्रश्न प्रसारणाचाच नाही, तुमच्या कपाटाचाही आहे. पॉवर कमी आहे म्हणून चालून जाईल, असं समजू नका. कागद अपुरे असतील तर डमी लोडवरची चाचणीही थांबवा आणि आधी पत्रव्यवहार सुरू करा. तोवर मिक्सर, माइक, रेकॉर्डर आणि बॅटऱ्यांचं काम करायला काहीच आडकाठी नाही.

आणि म्हणूनच सचिवांना हेही सांगा की ट्रान्समीटर होम मैदानावर न्यायचाच नाही. परवाना ठरलेल्या जागेचा, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा आणि ठरलेल्या अँटेनाचा असतो. यात्रेत तुम्हाला हवा आहे तो आवाज, आणि त्यासाठी मिक्सर, माइक, रेकॉर्डर आणि एक फोन पुरतो. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मोबाइल डेटा कोलमडतो, म्हणून थेट लाइनवर विसंबू नका. रेकॉर्डरवर पूर्ण रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दोन-तीन मिनिटांचे तुकडे गर्दीबाहेर येऊन केंद्रावर पाठवा. मिक्सरच्या बॅटरीला १ चौरस मिलिमीटरची लांब वायर चालून जाईल. ट्रान्समीटरला मात्र केंद्रावरही २.५ चीच हवी. पाच मीटर जाऊन-येऊन ५ अँपिअरला २.५ च्या वायरीत जवळपास ०.४ व्होल्ट पडतात, १ च्या वायरीत ०.९. बॅटरी अर्धी असतानाच सेट लो-व्होल्टेजला बंद पडायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मिक्सरचे फेडर खरखरत असतील तर वीज बंद करून प्रत्येक फेडर पंचवीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. भागलं नाही तर फेडरसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, गंज सोडवायचं तेल नको, त्याने आतला कार्बनचा पट्टा खराब होतो. माइकच्या जाळीतला फोम हात लावताच भुगा होत असेल तर पूर्ण काढून नवा घाला. तो भुगा कॅप्सूलवर बसला की आवाज बोदा येतो. रेकॉर्डरमधला बटण सेल बदलून तारीख-वेळ लावा, नाहीतर यात्रेच्या सगळ्या फायली एकाच जुन्या तारखेच्या होतील आणि कुठली आधीची ते शोधत बसावं लागेल.

यात्रेनंतर हे सगळं पुन्हा माळ्यावर जाणार असेल तर पत्र्याखाली ठेवू नका, तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवा. सगळे सेल काढून वेगळ्या डब्यात ठेवा, नवा लिथियम पॅक घेतला असेल तर तो निम्म्या चार्जवर ठेवा, एसएमएफ पूर्ण चार्ज करून तिच्या वायरी सोडून ठेवा. बॅटरीच्या पेटीवर चार्ज केल्याची तारीख मार्करने लिहा. हिवाळ्यात दर तीन महिन्यांनी आणि मार्च ते जून दर दोन महिन्यांनी ती परत चार्ज करा, आणि त्याच दिवशी डमी लोड लावून ट्रान्समीटरही अर्धा तास चालवा.